डोळा शेवटी काढायचा

गुद्फिन्नानं पहिलं विचारलं, वास येणार का?
येणार, म्हटलं. मासा आहे तो.
मग तिनं पुस्तकांच्या कपाटांवर जुन्या चादरी टाकल्या.
याच खोलीत एके काळी खाटांवर असायच्या तशा;
वाचनालय व्हायच्या आधी हे गावाचं इस्पितळ होतं,
माझे टॉन्सिल इथंच कुठंतरी काढले,
बहुधा आता प्रवासवर्णनं आहेत तिथं.

एकतीस वर्षं मी फॅक्टरीत पट्ट्याशी उभी होते.
सुरी, पाणी, पुढचा.
सुरी, पाणी, पुढचा.
वाचनालयात यायचे ते फार तर
बस येईपर्यंत ऊब घ्यायला.

आज सहा हॅडॉक, मीठ चोळून, चिकटा पुसून, कोरडे केलेले,
आणि अकरा मुलं.
शाई पातळ लावा, डोक्याकडून शेपटीकडे.
उलटा ब्रश फिरवाल तर खवले उभे राहतील
रागावलेल्या मांजराच्या केसांसारखे,
असं सांगितलं मात्र,
सगळ्यांनी उलटा फिरवून पाहिला.

आता वर कागद. आणि बोटांनी, फक्त बोटांनी,
झोपलेल्याला जाग न आणता
पांघरूण सारखं करतो ना, तसं.
ईसोल्डनं तर कणीकच तिंबली.
काट्स्पेरनं कागद उचलला आणि ओरडला,
"तो अजून एकदा आहे!"
म्हणजे टेबलावर आहे, आणि कागदावरही.
पोलंडहून येऊन त्याला वर्षही झालेलं नाही,
आमची भाषा अजून तोंडात बसायची आहे,
पण याहून नेमकं मलाही सुचलं नसतं.

हॅडॉकच्या खांद्याशी एक काळा डाग असतो.
सैतानानं धरायला हात घातला, मासा निसटला,
अंगठा तेवढा मागे राहिला,
असं आम्हाला लहानपणी सांगायचे.
बेर्गस्वेन म्हणाला, सैतानाला ग्लोव्हज नव्हते?
आम्हाला होते, म्हटलं. निळे. रोज दोन जोड.
मग एकेकानं डागावर आपला अंगठा ठेवून बघितला.
सैतान लहानच असणार, असं ठरलं.

डोळा उमटत नाही.
शाई तिथं धरत नाही, कागदावर
नुसता पांढरा गोल उरतो.
तो शेवटी काढायचा, आपल्या हातानं, बारीक ब्रशनं.
कुणी पापण्या काढल्या, कुणी चष्मा.
काट्स्पेरचा मासा दाराकडे बघत होता.
सालोमे, वय पाच, ब्रश धरून बसून राहिली.

काढ की.
"काढला तर तो बघेल."
बघू दे.
"मग त्याला कळेल."

मी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं,
टोपलीतला मासा करतो तसं.
मनात हिशेब मांडायला घेतला:
मिनिटाला इतके, तासाला इतके,
आणि सोडून दिला.
तिचा कागद तसाच दोरीला लावला,
पांढऱ्या गोलासकट,
आधी अगदी कडेला, कपाटामागे,
मग काढून मध्ये आणला.

पालक येऊन गेले. बाहेर केव्हाचीच रात्र होती.
गुद्फिन्नानं खिडक्या सताड उघडल्या, थोडा बर्फ आत आला.
म्हणाली, स्टेनवर, तुझं कार्डच नाही इथलं अजून.
अर्ज भरला. नाव, पत्ता, सही.
कागद पुढे सरकवताना कोपऱ्यात अंगठा उठला, काळाकुट्ट,
त्यात एक खवला.
खोडायला गेले, तर म्हणाली, राहू दे.

मासे पिशवीत घालून घरी आणले.
नळाखाली धरले; शाई जाता जाईना.
सुरी काढली.
सुरीला काय, सगळं पाठ आहे.
बराच वेळ मी
पाणी तसंच वाहू दिलं.